पाठीमागून सांगणारी

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडत नाही. मी एलादिओच्या खालच्या मजल्यावर राहते. माझं पावाचं दुकान आहे. तिथल्याच स्टुलावर बसून त्याने मला हे सांगितलं.

गाव वालपाराइसो, चिलीतलं बंदर. गेल्या वर्षीचा जून, मंगळवार, दुपारचे चार.

एलादिओ आणि त्याची बायको नोएमी बावीस वर्षं पाहुण्यांना जुन्या शहरातून पायी फिरवायचे. बंदराच्या चौकातून निघायचं, गल्ल्यागल्ल्यांतून वर चढायचं आणि समुद्र दिसतो त्या कठड्यापाशी थांबायचं. एलादिओ पाहुण्यांकडे तोंड करून बोलत बोलत उलटा चालायचा. नोएमी त्याच्या पाठीशी.

"खड्डा." "डावीकडे." "पायरी, म्हाताऱ्या."

एवढंच तिचं काम. बावीस वर्षांत तो एकदाही पडला नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये एका सकाळी दोघांचं वाजलं. कारण काय, तर आरमारप्रमुखाचा विनोद, एलादिओ रोज पाहुण्यांना सांगायचा तो.

"तुझा तो विनोद चौकातल्या कुत्र्यांनाही पाठ झालाय," ती म्हणाली.

"मग आज तूच जा बोलायला. बघू तुला पायरी कोण सांगतं ते."

ती गेली. एकटी.

सुतारगल्लीच्या टोकाला खाली उतरणारा दगडी जिना आहे. अडतीस पायऱ्या. ती बोलत बोलत उलटी चालत तिथे पोचली. तिला पायरी कोणी सांगितली नाही...

एलादिओ रडला नाही. दहाव्या दिवशी कामावर गेला. फक्त सुतारगल्ली वाटेतून काढून टाकली. मुलगी यास्ना सांतियागोहून यायची, म्हणायची, "बाबा, पुरे आता. माझ्याकडे राहायला चल." तो "बघू" म्हणायचा आणि पाव कुरतडत बसायचा.

त्याच्या डोक्यात एकच अडकून होतं. आपलं ते बोलणं तिने मरताना मनात धरलं असेल का?

तर तो मंगळवार. सात पाहुणे होते. मेंदोसाहून आलेल्या एर्सिलियाबाई सगळ्यांत पुढे. समुद्रावरून धुकं आत आलेलं.

चौकातली कुत्री रोज घोळक्यामागे चढापर्यंत येतात. त्या दिवशी दुसऱ्याच वळणावर थांबली.

एकही पुढे येईना...

एलादिओ बोलत राहिला. उलटा चालत. आता सांगणारं कोणी नाही म्हणून मध्ये मध्ये मान वळवून बघत.

आणि पाठीमागून आवाज आला...

"डावीकडे."

तो वळला. बावीस वर्षांची सवय. पाच-सहा पावलं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण कोणाचं ऐकलं ते.

"घाबरलास?" मी दुकानात त्याला मध्येच विचारलं.

"नाही गं. काहीच वाटलं नाही. तू दुपारी दुकान बंद करतेस ना, तसं आत सगळं बंद होतं."

"खड्डा."

पुन्हा तोच आवाज. आणि खरंच खड्डा होता. तो त्याने ओलांडला. मान मात्र वळवली नाही. वळवली तर आवाज थांबेल, असं त्याला वाटलं.

त्याने आरमारप्रमुखाचा विनोद सांगायला घेतला. कोणी हसेना. कोणी त्याच्याकडे बघेचना. सातही जण त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

बंदराचे भोंगे थांबले होते. पाहुण्यांच्या बुटांचा आवाजही येत नव्हता...

ते उभे राहिले होते. चालत होता तो एकटाच.

उजव्या हाताला हिरव्या पत्र्याची भिंत आली. ती भिंत तो ओळखत होता.

सुतारगल्ली.

आता ती पायरी सांगेल, असं तो धरून चालला. सांगितली, म्हणजे तिने माफ केलं. म्हणून तो थांबला नाही.

एक पाऊल. आणखी एक...

पाठीमागे सगळं चिडीचूप.

टाच टेकवली, तर खाली काहीच नव्हतं.

भिंतीवरचा नळ हाताला लागला म्हणून वाचला. खांदा मात्र निखळला. पाहुण्यांनी धावत येऊन त्याला वर ओढलं. वळून पाहिलं, तर जिना रिकामा. नुसतं धुकं.

"तुम्हाला जिना दिसत होता ना? मग ओरडला का नाहीत?" त्याने विचारलं.

एर्सिलियाबाई म्हणाल्या, "ओरडणार होतो हो, भाऊ. पण तुमच्या मागे त्या बाई होत्या ना... त्यांनी गप्प राहा म्हणून खुणावलं."

आणि त्यांनी आपलं बोट ओठांवर ठेवून दाखवलं.

"आम्हाला वाटलं, तुमचा रोजचाच काही खेळ असेल."

एलादिओने एवढंच विचारलं, "रागावलेली दिसत होती?"

बाई जरा विचार करून म्हणाल्या, "नाही. दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या. दुसरा हात तुमच्याकडे पुढे केलेला होता... धरायला."

धरायला, की न्यायला? ते त्याने विचारलं नाही.

मला हे सांगताना त्याचा आवाज सपाट होता. खांदा बांधलेला. उठताना म्हणाला, "सुतारगल्ली परत वाटेत घेतो म्हणतो." मी त्याला वेड्यात काढलं. त्याने पाव उचलला आणि गेला.

परवा पाव पोचवायला मी त्या बाजूला गेले होते. धुकं होतं. एलादिओ पाहुण्यांसमोर उलटा चालत जिन्याकडे येत होता, आणि मी जिन्याच्या खालच्या टोकाला उभी होते.

मी हाक मारायला तोंड उघडलं...

पण मारली नाही. तो आपला आपणच काठावर थांबला, वळला आणि समोर बघत पायऱ्या उतरला. मला म्हणाला, "तू कधीपासून उभी आहेस?"

मला धुक्यात काय दिसलं आणि हाक का मारली नाही, ते मी त्याला सांगितलेलं नाही. यास्नालाही नाही. तुम्हालाही नाही सांगणार.