अर्ध्या सेकंदाचा फोटो

"बाबांकडे कामाला येणारी कौशल्या सकाळपासून पोलीस चौकीत बसली आहे," रुचिता देवस्थळी म्हणाली. "संध्याकाळी दादा लेखी तक्रार देणार. तिनं काही चोरलेलं नाही, माझी खात्री आहे. पण नुसत्या खात्रीला कोण विचारतं?"

नीरजा कोल्हटकरने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. नोएडातल्या नीरजाच्या दीड खोलीच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात दुसरी खुर्ची हेरंबरावांची होती. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, आणि चार वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून रोज साडेनवाच्या ठोक्याला इथे हजर होत होते. लोकांना सांगताना ते 'तपासात मदत करतो' म्हणत. खरं म्हणजे घरी त्यांच्याशी टीव्हीखेरीज कोणी बोलत नव्हतं, आणि टीव्हीला उत्तर दिलं तरी तो ऐकून घेत नाही.

रुचिताची हकिगत थोडक्यात अशी. तिचे वडील भाऊसाहेब पोस्ट खात्यातून निवृत्त झालेले. गाझियाबादला एका फ्लॅटमध्ये एकटेच राहत. आठ डिसेंबरला त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं. नऊ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास ते बाजाराच्या रस्त्यावर कोसळले. लोकांनी इस्पितळात नेलं, पण उपयोग झाला नाही. रुचिता पुण्याचं घर बंद करून त्याच रात्री आली, ती इथेच होती. काल तिनं कपाट उघडलं, तर आईचे सोन्याचे तोडे जागेवर नव्हते.

"आठ तारखेला संध्याकाळी सुधन्वादादा बाबांकडे गेला होता. तो नोएडातच राहतो, वीस मिनिटांवर. दहाला तो पुण्याला यायचा होता. बाबांनी त्याला तोडे काढून दाखवले म्हणे. तो सहाला निघाला. त्यानंतर घरात आली ती फक्त कौशल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी. किल्ली तिच्याकडे असते."

"भाऊ गेला होता, हे कशावरून?"

"त्यानं बाबांचा फोटो काढलाय ना! दर वाढदिवसाला आई काढायची. यंदा दादानं काढला." रुचिताने पर्समधून तळहाताएवढा काळा कॅमेरा काढला. "परवा मला हा टेबलाच्या खणात सापडला. फोटो मी पाहिला आणि बॅटरी संपली."

नीरजाने बॅटरी चार्जिंगला लावली. तासाभराने कॅमेऱ्याने डोळा उघडला. वरच्या गोल चकतीवरचा काटा A या अक्षरावर होता.

"A म्हणजे ऑटो," हेरंबराव आत्मविश्वासाने म्हणाले.

"नाही काका. ऑटोची खूण वेगळी, ती हिरवी. A वर भिंगाचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवायचं, आणि उजेड किती वेळ आत घ्यायचा ते कॅमेरा ठरवतो. हौशी माणसाचं काम. आणि पडद्याच्या कोपऱ्यात बघा."

कोपऱ्यात एक चिमुकलं घड्याळ होतं आणि त्याशेजारी दोन चेहरे. हेरंबरावांनी वहीत ती खूण उतरवून घेतली. चेहरे बटाट्यांसारखे आले, पण दोन होते, एवढं नक्की.

आठ तारखेचे फोटो दोनच. पाच वाजून दहा मिनिटांचा पहिला: जेवणाचं टेबल, दोन ताटं, दोन रिकाम्या खुर्च्या. दुसरा पाच बावन्नचा. डाव्या खुर्चीत नवा कुर्ता घातलेले भाऊसाहेब हसत होते, उजवी खुर्ची रिकामी. त्यांचा चेहरा थोडा धूसर होता आणि उचललेला हात तर पार फराटा झाला होता. मागच्या भिंतीवर त्यांच्या पत्नीचा हार घातलेला फोटो, कॅलेंडर, आणि फळीवर कापडात शिवलेलं एक पार्सल, वर निळ्या शाईत पत्ता. नीरजाने माहितीचं बटण दाबलं. फ्लॅश बंद. उजेड आत घेण्याचा वेळ: अर्धा सेकंद.

"बिघडलाय फोटो," हेरंबराव म्हणाले.

"कॅलेंडरवरचा महिना वाचता येतो का?"

"येतो की. तारखासुद्धा येतात." त्यात विशेष काय, ते त्यांना कळलं नाही. ते न कळणं त्यांना सवयीचं होतं.

चौकीत कौशल्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. पन्नाशीची, कोरड्या डोळ्यांची. रडणं बहुधा सकाळीच संपलं असावं.

"आठ तारीख को आप कब निकलीं?" नीरजाने विचारलं.

"बारह बजे. बाबूजी बोले, शाम को भइया आएँगे, पूड़ी चार की जगह आठ बना दो. बना के ढँक दी."

"और कुछ कहा?"

"सुई में धागा डलवाया. मोटी वाली सुई. आँख से दिखता नहीं था ना उनको."

"अगले दिन सुबह?"

"हम आठ बजे आए. बाबूजी नहा-धो के कहीं निकलने की जल्दी में थे. पूड़ी आठों वैसी ही रखी थीं. हमने पूछा, बोले भूख नहीं थी." ती थांबली. "मैडम, हमको पूरी गली के सामने लेके आए. सबके सामने."

हेरंबरावांना तिच्याकडे बघवेना. आपल्या घरी ताटाची चौकशी करणारं कोणी नाही, हे त्यांना त्या चौकीत उगाचच आठवलं.

भाऊसाहेबांच्या फ्लॅटमध्ये सुधन्वा तक्रारीचा कागद समोर घेऊनच बसला होता. पंचेचाळिशीचा, दाढी वाढलेला.

"तुम्हाला फार त्रास देत नाही," नीरजा म्हणाली. "फोटो तुम्हीच काढलात?"

"मीच. बाबांसमोर उभा राहून."

"कॅमेरा हातात धरून?"

"मग काय पायात? सॉरी. हो, हातात."

"चकती कशावर होती?"

"ऑटोवर. मला तेवढंच कळतं. बाबांचं ते सगळं टेक्निकल प्रकरण माझ्या डोक्यावरून जायचं."

"मग?"

"मग जेवलो दोघं. पूड़ी, श्रीखंड. त्यांनी तोडे दाखवले. सहाला निघालो. बस."

"दहा तारखेला तुम्ही पुण्याला जाणार होतात?"

"ऑफिसचं काम होतं. बाबा म्हणाले होते, जाण्याआधी ये, एक काम आहे. राहिलंच ते." त्याने पेन उचललं. "यार, लवकर आटपा. मला सही करून चौकीत जायचंय."

"सही करू नका," नीरजा म्हणाली. "हा फोटो तुम्ही काढलेला नाही. कोणीच काढलेला नाही."

हेरंबरावांना वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. रुचिताने भावाकडे पाहिलं. सुधन्वाचं पेन कागदावर टेकलं होतं, पण चालत नव्हतं.

"अर्धा सेकंद कॅमेरा हातात स्थिर राहत नाही," नीरजा सांगू लागली. "हात हलतो आणि सगळंच पुसट येतं. इथे मागच्या कॅलेंडरच्या तारखा वाचता येतात. पुसट आहेत ते एकटे भाऊसाहेब. म्हणजे कॅमेरा कशावर तरी ठेवलेला होता, आणि हलत होते ते, नुकते येऊन बसल्यामुळे."

"पण ठेवून बटण मी दाबलं असेल..."

"हातात धरला होता, असं आत्ताच म्हणालात. बरं, तरीही. समोर माणूस बसलेला असता तर कॅमेऱ्याने त्याच्या चेहऱ्यावर नेम, म्हणजे फोकस, धरला असता. हा नेम भिंतीवर आहे. कारण बटण दाबलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. भाऊसाहेबांनी सेल्फ-टायमर लावला, बटण दाबलं, आणि दहा सेकंदांत टेबलाला वळसा घालून ते खुर्चीत येऊन बसले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी."

हेरंबरावांनी वही उघडून आपले दोन बटाटे पाहिले. "आणि हे?"

"ती शेवटची गोष्ट. सेल्फ-टायमरचीच दुसरी तऱ्हा. चौकटीत दोन चेहरे येईपर्यंत हा कॅमेरा फोटो काढत नाही, नुसता थांबून राहतो. पाच बावन्नचा एकट्याचा फोटो त्यावर निघणं शक्य नाही. म्हणजे एकट्याचा फोटो काढून झाल्यावर त्यांनी ही खूण लावली. दुसरा चेहरा येईल या आशेने. तुम्ही समोर असतात तर दोघांचा फोटो निघाला असता. तो नाही. आठही पुऱ्या सकाळी तशाच होत्या. तुम्ही आलाच नव्हतात."

सुधन्वाने पेन खाली ठेवलं.

"मग तोडे?" रुचिताने विचारलं.

"जाड सुई, दोरा, आणि फळीवरचं पार्सल. नेम भिंतीवर धरला गेला हे आपलं नशीब." नीरजाने पडद्यावर पार्सल मोठं केलं. निळी अक्षरं स्पष्ट होती: रुचिता देवस्थळी, पुणे. "पोस्टातला माणूस. मुलाच्या हाती वस्तू द्यायची तरी ती शिवून, पत्ता घालून. पुण्याला जाताना तुम्ही हे न्यावं म्हणून बोलावलं होतं. तुम्ही आला नाहीत, म्हणून नऊ तारखेला सकाळी ते स्वतःच विमा उतरवून पोस्टात टाकायला निघाले. तिथूनच परतताना कोसळले असणार, कारण पार्सल ना त्यांच्याजवळ सापडलं, ना आज फळीवर आहे. पावती त्यांच्या खिशात असणार, ती कपड्यांबरोबर इस्पितळातच राहिली असेल. आणि रुचिता, पोस्टमन आला तेव्हा तुमचं घर बंद होतं. शेजारी कोणी आहे?"

रुचिताने लगेच फोन लावला. शेजारच्या प्रभाकाकूंनी जाऊन दाराच्या फटीत अडकलेली चिठ्ठी वाचून दाखवली. विम्याचं पार्सल, गाझियाबादहून, पोस्टात ठेवलेलं आहे, सात दिवसांत घेऊन जावं. दोन दिवस उरले होते. रुचिता फोन छातीशी धरून खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली.

"मी पाचला फोन केला होता," सुधन्वा म्हणाला. "मीटिंगमध्ये अडकलोय, उशीर होईल. मीटिंग नव्हती. नुसता कंटाळा आला होता. मग नऊ तारखेला ते गेले, आणि रुचूने विचारलं, वाढदिवसाला गेला होतास ना? मी हो म्हणालो. मग फोटो निघाला, तर म्हटलं मीच काढला. मग तोडे गेले, तर म्हटलं मी पाहिले होते. नाही म्हटलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं."

"आणि त्यासाठी एक बाई तुरुंगात गेली असती," हेरंबराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. तपासात ते कधी मध्ये बोलत नसत. पण त्यांचा मुलगा टोरंटोहून दर रविवारी फोन करणार असतो, आणि बहुतेक रविवारी करत नाही. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

सुधन्वाने कागद फाडला. चौकीत त्याने खरं काय ते सांगितलं, मान खाली घालून, सगळं. हवालदाराने कौशल्याला जायला सांगितलं. सुधन्वाने तिच्यासमोर हात जोडले.

"माफ़ कर दीजिए. जो कहेंगी, करूँगा."

कौशल्याने पदर सारखा केला. "यहाँ माफ़ी का क्या करें, भइया? यहाँ हमको कौन जानता है? जिस गली से लाए थे, उसी गली में चलिए."

ती पुढे निघाली. सुधन्वा तिच्या मागे, आणि त्याच्या मागे ही तिघं. सोसायटीच्या गेटवर ती गार्डसमोर थांबली आणि वाट बघत राहिली. "कौशल्या जी ने चोरी नहीं की," सुधन्वा म्हणाला. "झूठ मैंने बोला था." मग इस्त्रीवाल्यासमोर. मग भाजीच्या गाडीपाशी जमलेल्या चार बायकांसमोर. तिथे त्याचा आवाज इतका बसला, की शेवटचं वाक्य कोणालाच ऐकू आलं नाही.

"फिर से बोलिए, भइया," कौशल्या म्हणाली. "पूरा."