ओढ्याकडे निघालेली बाई

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या वहिनीच्या जिवावर बेतलं होतं ते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

आत-बाशी गावाच्या वरचं, डोंगरातलं आमचं उन्हाळी कुरण. भर दुपार. धुकं मात्र असं, की तंबूच्या दारातून बाहेर बांधलेला घोडा दिसेना.

जिपारवहिनी सकाळीच बाळंत झाली होती. मुलगी. दिवस भरायच्या आधीच. ओमुरदादा डॉक्टरला आणायला खाली गेलेला. तंबूत वहिनी, आमची काल्बूबू आजी आणि मी.

वहिनी उशीला टेकून मटणाचा कढत रस्सा पीत होती.

"तिला झोपू द्यायचं नाही हं," आजी मला म्हणाली. "बाळंतिणीचा डोळा लागला की अल्बार्स्ती येते. फुप्फुस काढून पाण्याकडे पळते. ते पाण्याला लागलं की संपलं."

"माझं नेऊन काय करेल ती?" वहिनी हसली. "तुमच्या नातवावर ओरडून ओरडून फाटलंय ते, आजी."

आजीही हसली. मी बादली उचलून ओढ्याकडे निघाले.

अर्ध्या वाटेत थबकले.

कुत्री गप्प. कोकरं गप्प.

आणि धुक्यात माझ्यापुढे एक बाई चालत होती... पाठमोरी. पिवळे केस, पार टाचांपर्यंत.

आमच्याकडे असे केस कुणाचेच नाहीत.

"ताई, कुणाकडच्या तुम्ही?"

ती थांबली नाही. तान्हं मूल धरावं तसं काहीतरी तिनं छातीशी धरलं होतं. मी धावत पुढे गेले. पाहिलं...

गुलाबी. ओलं.

फुगत होतं... बसत होतं.

श्वास घेत होतं.

तेवढ्यात तंबूतून आजीची किंकाळी आली. "जिपार! अगं डोळे उघड! निळी पडली गं ही!"

ओढा अगदी समोर होता. मी पाण्याच्या काठावर तिला आडवी उभी राहिले.

"परत ठेव."

"एवढंसं धुवून घेते गं," ती म्हणाली. आवाज गोड, शेजारणीसारखा. "मळलंय बघ. लगेच देते."

"परत ठेव म्हणते ना!" मी लोखंडी बादली उगारली.

ती बादलीकडे बघत राहिली. मग वळली, तंबूच्या दिशेनं चालू लागली. मी मागोमाग. दारापाशी पोचले, तर पुढे कुणीच नाही...

आत वहिनी उठून बसली होती. खोकत होती. आजी तिला कवटाळून रडत होती.

आजी शपथेवर सांगते, दारातून आत फक्त मी आले.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, अशक्तपणा आहे, बाकी ठीक.

पोर आता शाळेत जाते. वहिनी धडधाकट आहे.

पण गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघी अंगणातला बर्फ लोटत होतो. कडाक्याची थंडी. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. पोरीच्या तोंडातूनही.

वहिनी आमच्याशी हसून बोलत होती... आणि तिच्या तोंडासमोर काहीच नव्हतं.

त्या दिवशी त्या बाईनं वहिनीच्या आत नेमकं काय ठेवलं, ते मी पाहिलेलं नाही.

दादाला अजून बोलले नाही. काय सांगू?

परवा वहिनीनंच विचारलं, "काय गं, तू हल्ली सारखी माझ्या तोंडाकडे का बघतेस?"