मनकर्णाचे डोळे

सेलूला गाडीतून उतरलो तेव्हा उन्हं अजून कलायची होती. स्टेशनाबाहेर वालूरचा गाडीवान सटवाजी बैलांची दमणी जुंपून उभा होता. रंगांची पेटी, कॅनव्हासची गुंडाळी आणि जवसाच्या तेलाची बाटली, एवढंच माझं सामान. वालूरच्या माणिकरावांनी त्यांच्या वारलेल्या बायकोची तसवीर काढायला मला बोलावलं होतं. मी परभणीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. लढाईमुळे विलायती रंग मिळत नव्हते, तरी हैद्राबादेतल्या ओळखीपाळखीतून थोडे जमवले होते. माणसाएवढं तैलचित्र मी पहिल्यांदाच करणार होतो. वाटभर त्या न पाहिलेल्या चेहऱ्याचाच विचार डोक्यात होता.

आपल्याकडे दुसरेपणाची बायको गळ्यात वारलेल्या पहिलीचा टाक, तिच्या नावाचा चांदीचा छाप, घालते. सवत शांत राहते म्हणतात. माणिकरावांचं दुसरं लग्न अक्षय्यतृतीयेनंतर ठरलं होतं. पण त्यांनी हैद्राबादेच्या देवड्यांमध्ये, नवाबांच्या वाड्यांत, मोठमोठी तैलचित्रं पाहिलेली. त्यांच्या मनानं घेतलं, टाक नको, तसवीर करायची. देवघराशेजारी लावायची, नव्या बायकोनं रोज तिला कुंकू वाहायचं.

त्या पहिल्या बायकोचा, मनकर्णाचा, फोटो मात्र नव्हता.

"नाक कसं होतं त्यांचं?" मी विचारलं.

माणिकराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सरळ होतं... म्हंजे, चांगलंच होतं. खरं सांगू का मास्तर? दिवसाउजेडी आमी तिच्याकडं नीट कधी बघितलंच न्हाई."

बाकीचं त्यांच्या आईनं, तानुबाईंनी सांगितलं. कपाळ लहान. भुवया जवळजवळ जुळलेल्या. हनुवटीवर गोंदलेला ठिपका. उंबऱ्यावर बसून त्या सांगत आणि मी कोळशानं रेघा ओढत जाई. मोतीबिंदूनं त्यांना धड दिसत नव्हतं. तरी मी ओठ जाड केले की त्या म्हणायच्या, "इतके न्हाई." मला वाटायचं, कोळशाच्या आवाजावरून ओळखत असतील.

माडीवरची खोली मला कामाला दिली होती. उत्तरेची खिडकी, थंड उजेड. मी ज्यांच्याकडे शिकलो ते उस्ताद कादरमियाँ म्हणायचे, "आंखां आखिर में बनाना, बेटा. आंखां बन गए तो तसवीर तुमारी नईं रहती." मी ते पाळत आलो होतो. त्यामुळे बाकी चेहरा उभा राहिला तरी डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फिकट खळग्या होत्या.

एका दुपारी घर निजलं होतं. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी पदराचा काठ रंगवत होतो आणि बाहेरच्या सज्ज्यातून आवाज आला.

सर्र... सर्र...

भिंतीवरून कुणीतरी तळहात फिरवत चाललं होतं. मधेच बांगडी भिंतीला लागायची. आवाज दारापाशी आला, चौकटीवर थांबला. चौकट चाचपून पाहावी तसा लाकडावर हात फिरला. मग खोलीत, माझ्या पाठीमागच्या भिंतीवर... सर्र...

जवसाच्या तेलाच्या वासात दुसराच एक वास मिसळला. कडुनिंबाच्या पाल्याचा. ओल्या, कुस्करलेल्या पाल्याचा.

मी वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. सज्जाही मोकळा होता, टोकापर्यंत.

तिन्हीसांजेला तानुबाईंना विचारलं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत ना तुमीबी..."

"कोण आहे?"

"तिला देवी आल्या होत्या. अंगाखाली, उशाला, निंबाचा पाला असायचा. आधी डोळे गेले. मग भिंत धरूधरू फिरायची ती... अन् मग गेली. अजून फिरायलीय. तिला दिसत न्हाई मास्तर, म्हनून तर आमी घरात ऱ्हायलोत." त्यांनी अंधारातच माझं मनगट घट्ट धरलं. "तिला डोळे देऊ नका. परक्याची लेक या घरात यायलीय. तिला ही बघंल."

रात्रभर मला झोप आली नाही. भीती होती आणि, का लपवू, हळहळही होती. डोळ्यांवाचून माणसाची तसवीर कसली? पहाटे पहाटे अजिंठ्याची लेणी आठवली. विद्यार्थी असताना मी तिथे नक्कल करायला गेलो होतो. तिथल्या कितीतरी बायका खाली बघतात. बुबुळ दिसत नाही, नुसती पापणीची कमान असते, तरी सगळा चेहरा बोलतो. ठरलं. मनकर्णा खाली पाहील.

दिवसभर मी त्या पापण्यांवरच काम केलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. माणिकराव आले, चित्रासमोर उभे राहिले. म्हणाले, "अशीच उभी ऱ्हायची. चुलीपाशी." आणि डोळे पुसत खाली गेले.

रंग ओला होता, म्हणून खोलीला कुलूप लावून किल्ली मी उशाखाली घेतली.

सकाळी दार उघडलं. चित्र होतं तिथेच होतं. दोन्ही पापण्यांवर मात्र बोटांचे ठसे होते. बारीक, बायकी बोटं. रंग खालून वर ओढला गेला होता. मिटलेल्या पापण्या उघडू पाहाव्यात तसा.

तानुबाई माझ्यामागून जिना चढून आल्या होत्या. वास घेतला आणि म्हणाल्या, "आजच निघा, मास्तर."

मी पापण्या सारख्या केल्या आणि पेटी आवरली. परतीच्या वाटेवर सटवाजी सारखा मागं वळून बघत होता. बैलांच्या तोंडाला फेस आला होता.

"काय झालं?"

"वझं तर येताना होतं त्याहून कमीच हाय," तो म्हणाला, "पर बैल लय दमायलेत."

लग्न झालं. पावसाळ्यानंतर सटवाजी परभणीच्या बाजाराला आला तेव्हा घरी डोकावून गेला. नवी मालकीण सुखात होती. दुपारचा आवाज बंद झाला होता.

"कवापासून म्हनाल तर, तुमी गेलात त्या दिसापासून. तानुबाई म्हनत्यात, गेली एकदाची."

"कुठं गेली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तांब्यातलं पाणी पिऊन उठला आणि निघून गेला.

त्या चित्रानंतर माझा हात बदलला. शाळेतली फुलदाणी, बाजारातले लोक, काहीही काढलं तरी रेघ पूर्वीपेक्षा जिवंत उतरू लागली. दिवाळीनंतर मी एक नवं चित्र हाती घेतलं आहे, माझ्या बायकोचं, सुमंगलाचं. ती खिडकीपाशी तांदूळ निवडत बसते आणि मी काढतो. तिचे डोळे मोठे, पाणीदार. लग्नात मी तेच आधी पाहिले होते. हल्ली तिला संध्याकाळचं थोडं अंधुक दिसतं. हकीमसाहेबांनी तपासलं, म्हणाले डोळ्यांत दोष काही नाही.

काल दुपारी ती अशीच बसली होती. मी तिच्या डोळ्यांना सुरुवात करणार होतो. तिनं तांदळातला हात थांबवला, आणि चेहरा न हलवता हसून म्हणाली,

"अहो, चित्र काढायचंय ना? मग माझे डोळे कशाला झाकलेत?"

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो. एका हातात कुंचला होता, दुसऱ्यात रंगांची पाटी.