पाठीवरची हवा

तो आला होता जाकिटाची चेन बदलायला, आणि खिळ्याला टांगलेला नमुना बघून तिथेच थबकला.

“हे कुणी शिवलं?”

“मी,” मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली.

पाणबुड्यांची हवेची जाकिटं शिवणाऱ्या बापाची ही लेक. बाबांच्या जाकिटात हवेची पिशवी छातीभोवती असे. पाण्यावर तोंड छान बाहेर राही, पण खाली बरगड्या आवळत. हिने वर्षभर खपून पिशवी पाठीवर नेली होती. छाती मोकळी, माणूस पाण्यात माशासारखा आडवा! उद्या पाणबुड्यांची शाळा नमुना निवडणार होती, आणि शाळेचा मास्तर हाच.

“वर आल्यावर पालथं पाडेल हे,” तो म्हणाला.

“ज्याला तोल नाही त्याला.”

“तुम्ही उतरलात कधी हे घालून?”

तिने मशीन थांबवलं. “उद्या उतरते.”

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावात, खाली जाता यावं म्हणून कमरेला शिसं बांधून, पाय टेकणार नाहीत अशा जागी तिने ऐटीत बटण दाबलं. हवा भरली — आणि बाई सपशेल तोंडावर! नाकातोंडात पाणी गेलं. शेजारीच पाण्यात असलेल्या मास्तरने तिला खांद्यांना धरून सरळ केलं; हसू गालातच दाबलं.

“हसा की मोकळेपणाने!”

“हसताना हात सुटले तर पुन्हा पालथ्या व्हाल.”

“मग धरून ठेवा,” ती बोलून गेली, आणि आपणच लाजली. डोकं मात्र चालूच होतं. “कमरेच्या शिशाचे दोन तुकडे पाठीला लावा. बाकीचे कमरेलाच.”

“सगळेच मागे का नाही?”

“अडचणीत शिसं टाकून वर यावं लागतं. पाठीचं कुठून काढणार हो, मास्तर?”

हवा पुन्हा भरली, या वेळी बेताने. ती मागे रेलली, हनुवटी पाण्याबाहेर. त्याने हळूच हात काढून घेतले.

“शिकलेल्यांसाठी हे घेतो,” तो म्हणाला. “नवख्यांना मात्र तुमच्या बाबांचंच. घाबरलेला माणूस हवा बेताने भरत नाही.”

वर्षाची मेहनत अर्धीच पसंत पडली होती. तिला झोंबलं, पण बोलणं खरं होतं.

“पटलं. आता माझंही ऐका — तुम्ही मला आवडलात.”

मास्तरचे कान लाल झाले. “मलाही तुम्ही... पण तुमचं काम अर्धं नाकारून हे कोणत्या तोंडाने सांगू?”

“माझ्या तोंडाकडे बघून सगळं पसंत केलं असतंत ना,” ती म्हणाली, “तर मी गप्प बसले असते.”