स्लोचा स्क्रू

होडीचं इंजीन बिघडलं की लोक मिस्त्रीकडे येत, आणि मिस्त्री आधी त्यांच्यावर चिडून घेत असे. माणसं टाकीत पाणी जाऊ देतात आणि वर इंजिनाला नावं ठेवतात, असं त्याचं ठाम मत होतं. पण त्या दिवशी इंजीन घेऊन आली ती त्याची सख्खी ताई, म्हणजे चिडायचीही सोय नव्हती. गेल्या वर्षी तिचा नवरा याच होडीवरून तळ्यात पडला, तो सापडलाच नाही. तेव्हापासून माणसांना पलीकडे नेण्या-आणण्याचं काम ताईच करत होती. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून लहानगी लेकही रोज होडीतच असायची.

"जोरात पळवलं की काही नाही रे," ताई म्हणाली. "हळू केलं की गचके खातं आणि मरतं. पोरगी पुढे बसलेली, खाली एवढं खोल पाणी. एखाद्या दिवशी वारं सुटलं तर काय करू मी?"

भाचीवर मिस्त्रीचा फार जीव. त्याने पाना उचलला.

स्लोला मरणारं इंजीन म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा मळ. प्लग काढून पाहिले, ते कोरडे, तांबूस, ठणठणीत. टाकीतलं पेट्रोल बाटलीत ओतून उजेडात धरलं, पाण्याचा टिपूस नाही. नळीला कुठे चीर नाही. मग कार्बोरेटर उघडला. हळू चालताना पेट्रोल ज्या केसाएवढ्या भोकातून येतं, ते त्याने फुंकून साफ केलं. तार घालून भोक मोठं करणाऱ्यांना तो दुकानातून हाकलून देत असे. शेवटी पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून दोरी ओढली, आणि इंजीन मांजरासारखं घुरघुरत राहिलं.

"झालं," तो हात पुसत म्हणाला. "कचरा अडकला होता."

"पिंपात ते नेहमीच चालतं," ताई म्हणाली.

म्हणून दुपार कलल्यावर दोघं भाचीला घेऊन तळ्यावर गेले. धुकं उतरू लागलं होतं. पाण्याला सडलेल्या शेवाळाचा वास येत होता. भाची होडीत बसायचा हट्ट करत होती, पण मिस्त्रीने तिला धक्क्यावरच बसवलं. बंद पडणारी होडी तपासायची तर त्यात पोर कशाला, हा साधा विचार. ती गाल फुगवून पाय हलवत बसली.

तळ्याच्या मध्यापर्यंत इंजीन झकास पळालं. मग मिस्त्रीने मूठ फिरवून चाल कमी केली. थोडा वेळ सगळं ठीक होतं. नंतर आवाज जड झाला, इंजीन चढावर गाडी ओढावी तसं कण्हू लागलं. त्याने मागे पाहिलं. होडीची मागची फळी खाली गेली होती. आधी डावीकडून जराशी... मग उजवीकडून.

"आपण मागे बसलोय म्हणून," तो म्हणाला, आणि ताईला पुढे सरकायला लावलं. स्वतः हात लांब करून मूठ धरली आणि होईल तेवढा पुढे झुकला. फळी वर आली नाही. पाणी तिच्या काठाशी डुचमळत होतं.

त्याने एकदम रेस दिली. हिसका बसला, मागचा भाग वर उसळला, होडी सुसाट सुटली. पुन्हा चाल कमी केली. पुन्हा तेच... आधी डावीकडून, मग उजवीकडून, कोणी एकेक हात टेकवावा तसं. इंजीन मेलं. बंद पडताच फळी अलगद वर आली. त्याने इंजीन उचलून पंखा पाहिला. गवताची काडीसुद्धा नव्हती.

"ताई... हे कधीपासून?"

"इंजीन थांबलं की सुटतं," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "मग मी वल्ही मारत येते. काठापर्यंत इंजीन कधी टिकलंच नाही."

"काय सुटतं?"

ती मागच्या फळीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि त्याचीच मिस्त्रीला भीती वाटली.

"त्याला घरी यायचंय रे... इंजीन पुरत नाही."

धुक्यातून भाचीची हाक आली. "आई... मला दिसत नाही तुम्ही..."

आता मिस्त्रीला फक्त पोरीपर्यंत पोचायचं होतं. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना खडक, वर धुकं, जोरात जाणं म्हणजे होडी फोडून घेणं. तो वल्ह्यांकडे वळला, पण ताई त्यांच्यावर बसली होती आणि उठत नव्हती.

"स्लोचा स्क्रू आवळ ना थोडा," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

दोष न शोधता स्क्रू आवळून चाल वाढवायची, हे काम त्याने जन्मात केलं नव्हतं. असं करणाऱ्यांची तो चारचौघांत टर उडवायचा. त्या दिवशी त्याने स्क्रू आवळला, इंजीन पुन्हा पाण्यात सोडलं आणि दोरी ओढली. फळी खाली बसली, इंजीन कण्हलं, पण मेलं नाही. धुक्यातून हळूहळू, ओझं ओढत, ते धक्क्याला लागले.

होडी टेकली आणि मागचा भाग एकदम वर आला. इंजीन मोकळं होऊन भरारा पळू लागलं. वजन उतरलं, हे मिस्त्रीला आवाजावरूनच कळलं. त्याने घाईने ते बंद केलं. त्या शांततेत धक्क्याची फळी करकरली... मग पुढची... मग भाचीच्या पायाजवळची. पोरगी अंग चोरून बाजूला सरकली.

"बघ गं, कोण आलंय," ताई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती.

भाची आईकडे बघतच नव्हती. मान उंच करून ती वर, आपल्या बापाच्या उंचीच्याही कितीतरी वर बघत होती.

"आई," ती कुजबुजली, "हे बाबा नाहीत."

मिस्त्रीने होडीतूनच दोन्ही हात पुढे केले. "ये... मामाकडे ये... उडी मार..."

तिने एक हात त्याच्या हातात दिला. दुसरा तिच्या डोक्याच्या वर ताणलेला होता, आणि तो तिला काही केल्या खाली घेता येईना.