धरणाची ओळ

जोरी पावलाक खरं तर बुद्धिबळ खेळायला आला होता. पण बेकर फॉल्सच्या वाचनालयात त्याने चुकीच्या खोलीचं दार उघडलं, आणि आत मार्नी टॉलेफसन एकटीच बसलेली. समोर कागदांचा ढीग, केसांत खोचलेल्या दोन पेन्सिली, आणि ती टेबलाखाली वाकून काहीतरी शोधतेय.

"पेन्सिल ना? केसांत आहे," तो म्हणाला.

"त्या दोन माहितीयत. मला तिसरी हवीय."

"...ती कानावर आहे."

मार्नी लाल झाली. तेवढ्यात ग्रंथपाल मिसेस हॅनफर्ड आल्या. त्यांनी जोरीला खालून वर न्याहाळलं आणि खुर्ची पुढे ओढली. "बस. मोठ्याने वाचता येतं ना? मग चालशील तू."

झालं! बुद्धिबळ राहिलं बाजूला.

नोव्हेंबरात निवडणूक होती. या भागातून वॉशिंग्टनला, संसदेत कोण जाणार, डेल ब्रँडनर की कॅरल विनस्लो? वाचनालय दर वेळी मतदारांसाठी एक तक्ता छापायचं. डावीकडे एक उमेदवार, उजवीकडे दुसरा, आणि ओळीओळीने एकेक प्रश्न : दुधाचे भाव, दवाखान्याचा खर्च, नदीवरचं जुनं धरण. कोण काय म्हणतंय ते सरळ शब्दांत, कुणाचीही बाजू न घेता. आणि बाजू घेतली नाही ना, हे तपासायची मिसेस हॅनफर्डची एक खास रीत होती. एकाने मजकूर वाचायचा, दुसऱ्याने समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. वाचणाऱ्याचा कल कुणाकडे ते जरा जरी कळलं, की ती ओळ बाद.

म्हणजे बघा, आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, सलग सहा आठवडे, मार्नीला एका मुलाकडे टक लावून बघायची चक्क सक्ती होती.

"भुवई," ती म्हणायची.

"कुठली?"

"डावी. दुधाच्या भावावर वर गेली."

"माझ्या भुवईला मतदानाचा हक्क नाहीये."

"तुला तरी कुठाय? सतरा वर्षांचा आहेस. वाच परत."

तो परत वाचायचा. बाहेर ओल्या पानांचा वास, काचेवर बारीक पाऊस, आणि आत त्याचा तो शांत, जरासा घोगरा आवाज... तिला एव्हाना सगळं पाठ झालं होतं. 'विमा' म्हणताना तो ओठ दाबतो. लांब वाक्याआधी श्वास घेतो. हसू आवरताना त्याच्या उजव्या गालावर काहीतरी हलतं — खळी म्हणावी इतकं नाही, पण असतं. डोळे मिटले तरी तिला ते दिसायचं. गणिताच्या तासाला तर जास्तच.

फक्त बोलणं तेवढं होत नव्हतं. तक्ता छापून झाला की सांगू, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

बुधवारी ती संगणकावर शेवटच्या ओळी बसवत होती. ब्रँडनर म्हणत होता, धरण दुरुस्त करून त्यावर वीज तयार करू. विनस्लो म्हणत होती, धरण काढून नदी मोकळी करू. मार्नीचा हात त्याच ओळीवर होता, आणि जोरी खिडकीकडे बघत म्हणाला, "बाबांना लांब टोलेडो शहरात काम मिळालंय. रविवारी घर हलवतोय आम्ही."

"ह्या रविवारी?"

"हो."

"अच्छा," मार्नी म्हणाली. आणि ओळी बसवत राहिली.

तक्ता छापला गेला, वाटलाही गेला. आणि शनिवारी सकाळी मिसेस हॅनफर्डचा फोन : धरणाची ओळ उलटी लागलीय! ब्रँडनरचं म्हणणं विनस्लोच्या नावावर, तिचं त्याच्या. गावातलं अर्धं भांडण त्या धरणावरून, आणि मतदान मंगळवारी. दुकानांतले तक्ते त्या स्वतः बदलणार होत्या. पण ज्यांना वाचनालय घरपोच पुस्तकं देतं त्या एकोणीस म्हाताऱ्यांकडे कुणीतरी जायला हवं होतं, दुरुस्त ओळ छापलेल्या चिकटपट्ट्या घेऊन.

जोरीने वडिलांची गाडी आणली. मागे त्याच्याच घरातलं सामान बांधलेलं — उलट्या खुर्च्या, एक दिवा, सायकल. मार्नीने मागे बघायचं टाळलं.

एकोणिसावं घर मिस्टर लुंडीन यांचं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचे, दारातच उभे, हातात तक्ता.

"म्हणजे ही बाई धरण ठेवणार नाहीये?"

"नाही, सर. काढणार म्हणतेय. ठेवणार ते ब्रँडनर."

"बघा आता. साठ वर्षांत पहिल्यांदा मी हिच्या पक्षाला मत द्यायला निघालो होतो. बायकोला सांगूनसुद्धा टाकलं. ती दोन दिवस खुशीत आहे." त्यांनी चष्मा वर केला. "कुणी केला हा घोळ?"

मार्नीने तोंड उघडलं.

"मी, सर," जोरी म्हणाला.

"लक्ष कुठं होतं तुझं?"

"खिडकीबाहेर, सर."

गाडीत बसल्यावर मार्नीने दार धाडकन लावलं. "खोटं का बोललास?"

"मी उद्या जातोय. माझं नाव खराब झालं तर कुणाला काय? तुला इथं राहायचंय." त्याने किल्ली फिरवली नाही. "आणि खरं सांग, तुझी कधी चूक होत नाही. ही कशी झाली?"

आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. ती बोलली. "तू म्हणालास, टोलेडो. त्यानंतर मी काय कुठे लावलं, मला काही आठवत नाही."

काचेवरून थेंब ओघळत राहिले. जोरी तिच्याकडे वळला.

"मार्नी... सहा आठवडे तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मला चेहरा कोरा ठेवायचा होता. किती जड गेलं ते, तुला कल्पना नाही."

"मग सांगायचंस ना, वेड्या."

"तू सांगितलंस?"

त्याने हात पुढे केला. दोघांच्या बोटांना चिकटपट्ट्यांचा गोंद होता, त्यामुळे एकदा धरलेला हात लवकर सुटेना. सोडवायची घाई कुणालाच नव्हती.

रविवारी दुपारी गाडी गेली. मार्नी कोपऱ्यापर्यंत चालत गेली, आणि मग तिथेच बराच वेळ उभी राहिली.

मंगळवारी संध्याकाळी मतदान संपलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळे टीव्हीसमोर, हातात ॲपल-पायच्या बशा, आणि धरणावरून वाद चालूच. रात्री अकराला दहा कमी असताना मार्नीचा फोन वाजला.

"कोण पुढे आहे?" जोरीने विचारलं.

"नऊ मतांचा फरक. मोजतायत अजून."

"निकाल लागेपर्यंत फोन ठेवू नकोस. इथं कुणी काही सांगत नाही."

ती फोन घेऊन बाहेर ओसरीवर आली. पायऱ्या ओल्या होत्या, तरी बसली. आत कुणीतरी ओरडलं, "फेरमोजणी! सगळी मतं पहिल्यापासून!" आणि हॉलभर एकच वैताग उसळला.

"काय झालं?" तिकडून आवाज आला.

मार्नीने गुडघे छातीशी ओढून घेतले, फोन कानाशी घट्ट धरला.

"वेळ लागेल म्हणतायत," ती म्हणाली. "खूप... खूप वेळ लागेल."