घाव घालून बघा

माझा धंदा लोकांना जंगलात नेऊन तंबूत झोपवण्याचा. दर तुकडीला मी घसा फोडून एकच गोष्ट सांगतो: कुकरी, म्हणजे तो गुरख्यांचा वाकडा सुरा, फोटो बघून मागवू नका. दुकानात जा, हातात धरा, ओंडक्यावर एक घाव घालून बघा, मग घ्या. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन मोबाईलवरूनच मागवतात. या खेपेची तुकडी मात्र शहाणी निघाली. सगळे मिळून दुकानात जायचं ठरवत होते. मीच पत्ता दिला.

माझ्या जुन्या कुकरीची मूठ डुगडुगायला लागली होती, म्हणून त्यांच्याआधी मीच जाऊन आलो. दुकानदार गप्पिष्ट माणूस. त्यानं पाच-सहा काढून काउंटरवर मांडल्या. एक नुसती भिंतीवर टांगायच्या लायकीची. एकीची मूठ बोटांना टोचत होती. एक इतकी जड, की सरपण फोडता फोडता खांदा निखळावा. मला हवी होती जाड पाठीची, पुढे झुकलेल्या पोटाची, आणि जिचं पोलाद मुठीच्या पार टोकापर्यंत गेलंय अशी. तशी एक सापडली. म्यानातून काढताना मी म्यान पाठीच्या बाजूनं धरलं. धारेच्या बाजूनं धरलं तर पातं चामडं कापून बोटांवर येतं, हे मी शिकवतो.

दुकानदारानं कोपऱ्यातला ओंडका पायानं पुढे सरकवला. "घाला एक. लाजू नका."

ठक्. हाताला जराही झटका नाही. ओंडका आधीच घावांनी भरलेला, त्यात माझा कुठला ते कळेना. मी काही शोधत बसलो नाही, पैसे दिले आणि कुकरी घेऊन निघालो.

घरी आलो तर बायको जेवणाच्या टेबलाशी उभी. टेबलावर बोटभर खोल घाव, बाजूला ताज्या ढलप्या. भिंगरी, म्हणजे आमची मुलगी, भिंतीला चिकटून बसलेली. एका जागी टिकत नाही म्हणून तिचं हे नाव.

"मी नाही केलं, बाबा. मी इथे चित्र काढत होते आणि ठक् झालं."

"टेबल आपोआप फुटतं होय?" मी तिला चांगलं झापलं. ती रडली.

दुसऱ्या दिवशी परसात वाळकी फांदी तोडली. दोन घावांत फांदी खाली. आतून भिंगरीची किंकाळी. ती हात धूत होती आणि तिच्या कानाजवळ, दाराच्या चौकटीवर दोन घाव होते, एकाखाली एक.

"वाळवी असेल," मी म्हणालो.

"वाळवी ठक् करते?" बायकोच्या ओठांचा रंग गेला होता. "अहो, ती कुकरी ठेवून द्या बघू."

मी असल्या गोष्टी मानणारा नाही. पण एकदा खात्री करून घ्यावी म्हटलं. भिंगरीला तिच्या मावशीकडे पाठवलं आणि बायकोला सगळ्या खोल्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. मग परसात जाऊन काडीएवढी डहाळी हळूच छाटली. आत आलो. भिंती, दारं, पलंग, सगळं धड होतं.

"बघ," मी हसलो. "उगाच घाबरवलंस."

तेवढ्यात मावशीचा फोन आला. भिंगरी झोक्यावर होती. ती उतरली आणि मागोमाग झोक्याची दोरी तुटली. "झिजून नाही गं तुटली," मावशी बायकोला सांगत होती. "कुणी कापावी तशी."

मी जमिनीवरच बसलो.

"पुरून टाका," बायको म्हणाली.

पुरलेलं कुणीतरी उकरतंच. मी विचार केला: हात माझा, मुलगी माझी. कुकरी माझ्या हातातून सुटली की संपलं. तसाच उठलो आणि कुकरी दुकानात परत देऊन आलो.

"खोट निघाली का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. मला बसत नाही."

त्यानं पातं पुसलं आणि कुकरी सगळ्यांत पुढे मांडली.

संध्याकाळी भिंगरी घरी आली. मी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. बायको तिच्या वेण्या घालत होती, मी समोर बसून दोघींना हसवत होतो.

ठक्.

एक वेणी बायकोच्या हातात राहिली. मानेपासून सपकन कापलेली.

मी दुकानात फोन लावला. खूप वेळ वाजला.

"अहो, तुमचीच माणसं आलीत सगळी," दुकानदार खुशीत होता. "एकच कुकरी सगळ्यांना आवडलीय. पण प्रत्येक जण म्हणतो, घाव घालून बघितल्याशिवाय सांगणार नाही. एक मिनिट हं."

"तिला हात लावू देऊ नका," मी म्हणालो. "ऐकताय का? हात लावू देऊ नका."

त्यानं फोन काउंटरवर ठेवला होता. माणसं हसत होती. मग ओंडका फरशीवरून सरकल्याचा आवाज आला.

मी भिंगरीकडे बघितलं. ती अजिबात न हलता बसली होती.